रिकाम्या हाताने चालणार नाही

आमच्या मासेवाल्या मावशीइतकी चाललेली बाई अख्ख्या घाटकोपरात नसेल, आणि चालण्याचा तिच्याइतका तिटकारा असलेलीही. तीस वर्षं ती माहुलहून बसने यायची, डोक्यावर पाटी घेऊन आमच्या गल्ल्या पालथ्या घालायची, चार-चार मजले जिन्याने चढायची आणि वर भांडायलाही दम राखून असायची. गेल्या वर्षी पाठीने दगा दिला, मुलाने धंदा बंद करायला लावला आणि घरी बसून शुगर अशी चढली की डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला, नाहीतर पाय गमवाल. दुसरं कुणीही घाबरलं असतं. ही डॉक्टरवरच उखडली. "रिकाम्या हाताने चालू? गावात काय म्हणतील, म्हातारी कामातून गेली?"

माझं डोकंच फिरलं. पाय जायची वेळ आलीय आणि हिला गावाची पडलीय. हट्टाने मी तिला घरी बोलावून आमच्या सोसायटीच्या बागेत नेलं. दीड फेरी झाली नाही तोच बाकावर फतकल मारून खणखणीत आवाजात म्हणते कशी, "ही बाय मघापासून तिथंच फिरते. हिचं काय हरवलं?" ती बाय आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. उलटं चालण्याचा व्यायाम करणाऱ्या एका काकांना तर हिने दंडाला धरून थांबवलं, "मागं बघ रे बाबा, पडशील." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तिनेच तोडगा काढला. जुन्या गिऱ्हाइकांकडे रोज फेरी मारायची, पाटीशिवाय. दहाला बेल वाजते. मी मोबाइलवरून मागवलेला बांगडा ही फ्रिजमधून काढते, कल्ला उचलून बघते आणि "शिळा दिला तुला" असं जाहीर करते. मग चहा. असा पाच घरी पाच वेळा, साखर घालून, कारण मावशीला नाही कोण म्हणणार? महिन्याने शुगर आणखी वाढली. रोज तासभर चालून शुगर वाढवणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

परवा मी तोंड सोडलंच. "मावशी, तुला चालायला सांगितलंय, पाहुणचार घ्यायला नाही. उद्या पाय कापला तर आमच्याकडे रडत येऊ नकोस." एरवी एकाला चार ऐकवणारी ती अर्धा कप तसाच ठेवून उठली, चपला घातल्या आणि दारात थांबली. "मग उद्या येऊ ना, बाय?"

तीस वर्षं नको नको म्हणताना बोंबील गळ्यात मारणाऱ्या या बाईने माझ्या दारात यायला कधी विचारलं नव्हतं. मला माझाच भयंकर राग आला.

"ये की," मी म्हटलं, "न विचारता ये."