कॅमेऱ्याची कुंची

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात कशावरही जोर म्हणून केला नाही. माणसं तर सोडाच, पण कुलूप, बरणीचं झाकण, पावसाने फुगलेलं दार असल्या मुळातच आडमुठ्या जातीशीसुद्धा ते हाताने नव्हे, तोंडाने वागत. वस्तू अडकते ती रुसून, आणि रुसलेल्याची समजूत काढायची असते, हिसके द्यायचे नसतात, असं त्यांचं ठाम मत. ‘ये माय, असं करू न्हाई,’ असं ते लोणच्याच्या बरणीला सांगायला लागले की आत्या मुकाट्याने ताटात चटणी वाढायची. एकदा राजूरच्या गणपतीला गेलो असताना धर्मशाळेतल्या खोलीचं कुलूप उघडेना. आतोबा उंबऱ्यावर मांडी घालून बसले. आम्ही रांगेत उभे राहून दर्शन घेतलं, पेढे घेतले, परत आलो, तरी यांचं कुलपाशी बोलणं चालूच. ‘जल्दी न्हाई करायची. येतंय बराबर,’ हे वर आम्हाला. शेवटी रखवालदाराने येऊन एक दणका घातला आणि कुलूप पडलं. मुक्काम संपेपर्यंत आतोबा त्या रखवालदाराशी बोलले नाहीत. एक मात्र खरं, वस्तू मोकळी झाली की ते त्या क्षणी गप्प व्हायचे. उगाच तिला लाजवायचं नाही म्हणून.

अशा माणसाने फोटो काढण्याचा नाद धरावा! निजामाच्या काळात, बदली होऊन निघालेल्या कुठल्याशा साहेबाकडून ते तीन पायांच्या तिकाटण्यावरचा लाकडी कॅमेरा घेऊन जालन्याला आले, आणि आमच्या घराण्यातल्या लोकांचं सुख संपलं. काळ्या कापडाखाली डोकं घालून ते आतून हुकूम सोडत, आणि एकदा बसवलेल्या माणसाने मान हलवली की कापडातून बाहेर येऊन त्याची समजूत काढत. भिंगावर ऊन पडू नये म्हणून पुढे एक पितळी कडं बसवलेलं असे. आतोबा त्याला कुंची म्हणत. तान्ह्या पोराला घालतात तशीच ती ते भिंगाला हलक्या हाताने घालत आणि हलक्या हाताने काढत.

त्यांची एकुलती एक लेक कमल, बापाला दादा म्हणायची. तिचं लग्न केदारखेड्याच्या एका शेतकरी घरात झालं. लग्न पार पडलं, पाहुणे पांगले, आणि उन्हं कलल्यावर तिला घेऊन गाड्या निघायच्या असं ठरलं. आठवडाभर आतोबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, पण रडायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. ते सारखे कॅमेऱ्याचं भिंग पुसत होते.

व्याह्यांना फोटोची फार हौस. त्यांच्या गावात फोटो असलेलं एकही घर नव्हतं. ‘फोटू काढल्याबिगर म्या हलत न्हाई,’ असं जाहीर करून ते नवा फेटा बांधून अंगणात खुर्चीवर बसले. शेजारी विहीणबाई, मागे जावई, पुढे सतरंजीवर हिरव्या चुड्यातली कमल. आतोबा कापडाखाली शिरणार, तोच गाडीला जुंपायला आणलेल्या बैलाने शिंग हलवलं आणि तिकाटणं आडवं झालं. भिंग शाबूत होतं, पण कुंची एका अंगाने चेपून आत वळली होती आणि जागची हलत नव्हती. ती तशीच ठेवली तर व्याह्यांचा फेटा फोटोत येणार नव्हता. हे कळल्यावर व्याही म्हणाले, ‘ते आधी काढा बरं.’

शेजारचे कापडवाले सेठजी पक्कड घेऊन धावले. आतोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पक्कड पाठीमागे धरून उभे राहिले. ‘भिंग तडकंल. कुणी हलू नका, उगं बसून राहा,’ असं बजावून आतोबांनी भिंग सोडवून मांडीवर घेतलं आणि उजेडाचा त्रास नको म्हणून काळं कापड डोक्यावर ओढलं. आतून समजूत सुरू झाली. ‘ये बाळा. कुणी मारत न्हाई तुला. जराशी सैल हो.’ व्याही छाती काढून, श्वास धरून बसलेले. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो, म्हणून शास्त्राचं काम माझ्याकडे आलं. कापडाखाली कधी कोमट फडकं द्यायचं, कधी तेलाचं बोट. विहीणबाई म्हणाल्या, ‘किती येळ लावून राह्यले हो हे?’ पण व्याही हलेनात.

बऱ्याच वेळाने पुन्हा तेल द्यायला मी कापडाखाली डोकं घातलं. आतोबा गप्प बसले होते. कुंची त्यांच्या तळहातावर होती. माझ्यादेखत त्यांनी ती परत भिंगावर चढवली आणि घट्ट फिरवली. डोळे लाल झाले होते. ‘मास्तर,’ ते कुजबुजले, ‘बोलू नको. दिवे लागू दे.’

मी बाहेर येऊन म्हणालो, ‘अजून न्हाई निघत.’

उजेड गेला. आत्या तुळशीपुढे दिवा ठेवून आली आणि म्हणाली, ‘आता कसली लेक हलती, इवाईबुवा? दिवेलागण झाली. लक्ष्मी अशी घराबाहेर काढत्यात का?’ व्याह्यांनी धरलेला श्वास सोडला. बैल सोडले, पुन्हा चूल पेटली, आणि त्या रात्री आतोबा कमलच्या ताटाशेजारी बसून पोटभर जेवले.

सकाळी सगळ्यांदेखत त्यांनी कुंचीला दोन बोटं लावली आणि ती निमूट हातात आली. ‘तेल रातभर मुरलं ना,’ असं म्हणून त्यांनी फोटो काढला. नंतर गाड्या गेल्या. आतोबा वेशीपर्यंत चालत गेले आणि कुणाशी न बोलता परत आले.

आता आतोबा नाहीत. परवा केदारखेड्याला गेलो होतो, तेव्हा तो फोटो पाहिला. सगळे कोर्टात उभे केल्यासारखे, एकटी कमल हसते आहे. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी तिला सांगून टाकली.

‘मला ठावं होतं,’ ती म्हणाली. ‘दादाचं बोलणं थांबलं, तवाच कळ्ळं कुंची निघाली म्हनून.’

‘मंग तेव्हा बोलली का न्हाईस?’

पदराने फोटोची काच पुसत ती म्हणाली, ‘मला तरी कुठं जायचं होतं?’