अर्धा मिलिमीटर खाली बसणारा र

टाइपरायटर जमवणाऱ्या माणसांबद्दल मला फारसं चांगलं बोलता येत नाही. मी त्यांच्यातलाच आहे, तरीही. माझ्याकडे आठ इंग्रजी मशिनं आहेत आणि आठही चालतात. लोणावळ्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, म्हणून मशिनांच्या कपाटात चाळीस वॉटचा दिवा चार महिने दिवसरात्र लावून ठेवतो. दर रविवारी प्रत्येकावर एक पान टाइप करतो. बायको म्हणते, "आठ म्हशी पाळल्या असत्या तर निदान दूध तरी मिळालं असतं." तिचं बरोबर आहे.

भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात काउंटरवर एक मशीन ठेवलंय. त्याला सोनेरी रंग फासलाय आणि धरणावरून भिजून आलेली माणसं ओल्या हातांनी त्याच्या कळा बडवत फोटो काढतात. हॉटेलवाल्याला मी माफ करतो, तो धंदा करतो. माफ करता येत नाही ते स्वतःला संग्राहक म्हणवणाऱ्यांना.

असे एक गृहस्थ आमच्याच गावात बंगला बांधून आहेत. शनिवार-रविवार पुण्याहून येतात. एका रविवारी त्यांनी आम्हा जमवणाऱ्यांना मशिनांची तुलना करायला बोलावलं. तुलनेला जायचं तर मी तयारीनं जातो. स्टीलची पट्टी, भिंग, पंचवीस कोरे कागद आणि सोनाराच्या तराजूची छोटी वजनं नेली. कळेवर एकेक वजन ठेवत जायचं; जितक्या ग्रॅमला कळ खाली बसते तो तिचा आकडा. या पद्धतीत कुणाच्या मताला जागा नाही.

तिथली तुलना वेगळीच होती. कुणाचं मशीन जास्त जुनं, कुणाचं कुठल्या देशातलं, कुणाचं कुठल्या नटाच्या घरातून आलेलं. एक बाई आपल्या मशीनला 'बेबी' म्हणत होत्या. भिंतीवरच्या फळ्यांवर यजमानांची एकेचाळीस मशिनं, प्रत्येकावर वरून उजेड सोडलेला. गप्पा चालू असताना मी प्रत्येकाची एकच कळ दाबून पाहिली. चौतीस मशिनांच्या अक्षराची दांडी उठलीच नाही, किंवा उठून तिथेच अडकली. माळी दर महिन्याला त्यांत शिलाई मशीनचं तेल सोडत होता. दांड्या जिथे बसतात तिथे तेल सोडायचं नसतं. त्यात धूळ आणि आमच्याकडची दमट हवा मिसळली की त्याचा डिंक होतो. मी हे यजमानांना सांगितलं.

"अहो, पण टाइप कोण करतंय?" ते हसून म्हणाले. "फील बघा ना तुम्ही, फील!"

कागद कुणीच मागितला नाही. पंचवीसच्या पंचवीस कोरे परत आणले.

जाण्याचं एकच फळ मिळालं. परंदवडीला एका म्हाताऱ्या टायपिस्टकडे मराठी मशीन असल्याचं तिथे कळलं. त्यांनी हयातभर तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती. माझी आठही मशिनं इंग्रजी. दहावीनंतर मी मराठी टायपिंग शिकलो होतो, आणि धड चालणारं मराठी मशीन सहा वर्षं शोधत होतो. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो, तर बंगलेवाल्यांची लांबलचक गाडी आधीच दारात उभी.

मशीन ओसरीवर धान्याच्या कोठीवर ठेवलेलं होतं. म्हातारे, ज्यांना सगळे आबा म्हणत, शेजारी पाय दुमडून बसले होते.

"काय करनार ह्येचं?" त्यांनी बंगलेवाल्यांना विचारलं.

"शोकेसमध्ये ठेवणार, आबा. वर लाइट, खाली तुमच्या नावाची पाटी."

"काचंत? मेलेल्याला ठेवत्यात तसं? आन नावाची पाटी! अवो, आमी हाय की अजून."

आत सून खुदकन हसली. आबा माझ्याकडे वळले. "आन तुमी?"

"टाइप करणार."

"मंग बसा."

त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करू लागलो. मिनिटाला सव्वीस शब्द पडले, दोन चुका. बंगलेवाले मोबाइलवर माझं चित्रण करत होते.

"बोटं गंजल्यात तुमची," आबा म्हणाले, "पर हायती तरी. ह्यांना बोटंच न्हाईत." मग मशीनवर हात ठेवून म्हणाले, "म्हैनाभर न्या. चालवा, आन आनून दावा. मला पटलं तर तुमचं, न्हाई तर हितंच कोठीवर."

लांबलचक गाडी रिकामी परत गेली. मला फार बरं वाटलं, ते लपवत नाही.

घरी आल्यावर मशीन तपासलं. कळांचे आकडे चांगले होते. पण भिंगाखाली धरलं तर प्रत्येक ओळीत र हे अक्षर अर्धा मिलिमीटर खाली बसत होतं. दुसरं कुठलंच अक्षर नाही, फक्त र. मी तळेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. अर्धा मिलिमीटर चुकलेल्या मालावर आम्ही लाल खूण करतो आणि तो परत पाठवतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. इथेही मी विचार केला नाही. सपाट पक्कड घेतली, दांडी हळूहळू सरळ करत गेलो, आणि र-न-र-न अशा ओळी काढत तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी सगळी अक्षरं एका दोरीत आली. रिबीन नवी घातली, रूळ पुसला. बंगल्यातल्या फळ्यांची आठवण काढत मी मनात म्हटलं, याला म्हणतात मशीन सांभाळणं.

महिन्यानं परंदवडीला गेलो. त्याच ओसरीवर तेच प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मिनिटाला अडतीस शब्द, चूक एकही नाही. कागद काढून आबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला, ओळींखालून बोट फिरवलं.

"र कुटं हाय?"

"सगळीकडे आहे, आबा."

"माझा र कुटं हाय?"

तेव्हा कळलं. पुष्कळ वर्षांपूर्वी सायकलच्या कॅरिअरवरून मशीन पडलं होतं आणि तेव्हापासून र खाली बसत होता. दुरुस्तीला द्यायचं राहून गेलं. हळूहळू कचेरीतले कारकून लांबून कागद बघून सांगू लागले, हे झाडाखालच्या आबांचं काम. मग एकदा बांधाच्या भांडणात एक जुनं पत्र निघालं, तारीख मशीन पडल्यानंतरची. ते आबांनीच टाइप केलंय, असं आणणारा शपथेवर सांगत होता. आबांनी कागद पाहिला. र सरळ होता. "माझं न्हाई," एवढंच ते म्हणाले, आणि कचेरीनं ते पत्र बाजूला ठेवलं.

"सही कुनीबी करतंय," आबा म्हणाले. "र कुनाला जमला न्हाई."

"मी परत खाली करून देतो, आबा. अर्धाच मिलिमीटर आहे. माझ्याकडे माप आहे."

"माप घिऊन करनार?" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बंगल्यात त्या जमवणाऱ्यांकडे पाहत होतो. "मंग ती खोटी सही झाली की, भाऊ."

बंगलेवाल्यांनी मशीन काचेत कोंडलं असतं, तेल सोडून त्याच्या दांड्या चिकटवल्या असत्या, पण र खालीच राहिला असता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. ज्याला मी बिनबोटांचा समजत होतो त्याच्या हातून माझ्याइतकं नुकसान झालं नसतं.

मशीन कोठीवर ठेवायला मी उचललं.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "तुमी चालवीन म्हनला व्हता, चालवलं. लय झ्याक चालतंय. न्या, तुमचंच हाय आता."

"आबा, तुम्हाला पटलं तर—"

"व्हय, पटलं की. माझं काय ऱ्हायलंय त्यात?"

कागद त्यांनी घडी न घालता मला परत दिला. मी मशीन गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि निरोप घ्यायला वळलो. सून फडक्यानं कोठीवरची जागा पुसत होती. आबांनी तिला सांगितलं, "तितं पिठाचा डबा ठिव." तिनं ठेवला.