लाल नेलपॉलिशची रेघ

कुठल्याही गॅरेजात नट-बोल्टचा डबा कधी रिकामा होत नाही. कामातून एखादं वॉशर उरतं, आपण म्हणतो "असू दे, लागेल," आणि ते डब्यात जातं. किश्शांचंही तसंच. त्यातून मी बोलतो कमी, म्हणजे माझा डबा जरा जास्तच भरलेला! आज तो थोडा उपडा करतो.

आमचा गाळा नेरूळला. पूर्वी भोसलेकाका तिथे स्कूटर दुरुस्त करायचे. आता आम्ही दोघं बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर बोलणारी मशीनं बसवतो. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही ते स्क्रीनवर एकेक अक्षर निवडतात आणि मशीन ते वाक्य मोठ्याने बोलतं. ते मशीन खुर्चीवर धरून ठेवणारा धातूचा हात नीट बसवायचा, एवढंच आमचं काम.

पहिल्या दिवशी काका म्हणाले, "स्कूटरचा आरसा गळला तर गिऱ्हाईक येऊन शिव्या घालतं. हितं मशीन गळलं, तर शिव्या घालायचं मशीनच गेलं की लेका! नीट आवळ."

*

माझं पहिलं काम नावड्याच्या कांबळे सरांचं. सर शाळेतून रिटायर झालेले. आजारपणात आवाज गेला, एक बोट तेवढं चालतं.

त्यांच्या खुर्चीच्या हातदांड्याचा पाइप मला अगदी मापात वाटला. मी मशीनचा हात तिथेच बसवला. असा आवळला की काकांनी लोंबकळून बघितलं तरी हलला नाही. मी खूश.

सरांना पलंगावर घ्यायची वेळ झाली. त्यांच्या मुलाने नेहमीसारखा हातदांडा वर उचलला, आणि त्याच्याबरोबर माझं मशीनही वर गेलं! बोल्ट जागचा हलला नव्हता, पण स्क्रीन सगळी छताकडे.

हातदांडा खाली आणला. सरांनी शांतपणे टाइप केलं : "छताशी बोलून झालं. आता माणसांशी बोलू का?"

तेव्हापासून आमचा हात खुर्चीच्या न हलणाऱ्या सांगाड्यालाच लागतो.

*

दुसऱ्या दिवशी तेच काम नव्याने करायला गेलो. सर काहीतरी टाइप करत होते. मी घाईत "एक मिनिट हं सर" म्हटलं आणि मशीन काढून घेतलं. मी वाकून काम करतोय, सर माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, कौतुकाने बघतायत!

वीस मिनिटांनी मशीन परत बसवलं. स्क्रीनवर अर्धंच वाक्य होतं : "तुझ्या शर्टाचं टोक". सरांनी ते पुरं केलं : "तुझ्या शर्टाचं टोक माझ्या चहात आहे. आता तो चहा तुझाच."

कपात अर्धा चहा उरला होता. बाकीचा मी घालून उभा होतो.

काकांनी हा किस्सा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितला. पण मला बाजूला घेऊन एकच बोलले : "आपन मशीन काढतो तवा मानसाचं तोंड बंद करतो. आधी इचारायचं. वाक्य संपस्तोवर थांबायचं."

हल्ली मी थांबतो.

*

थांबण्यावरून आठवलं. मी नववीत शाळा सोडली. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की मी अडायचो, पोरं हसायची, आणि बाई म्हणायच्या, "बस खाली, पुढचा." पुढे पुढे शाळेत जाणंच बंद केलं.

एकदा कांबळे सरांना मशीनची देखभाल समजावून सांगत होतो आणि मधेच अडलो. कान तापले. सरांचं बोट हळूहळू चालायला लागलं. मी मनात म्हटलं, झालं, आता "पुढचा".

मशीन बोललं, "सावकाश. घाई असती तर मी असा बोललो असतो का?"

मी पहिल्यांदाच, उभ्या उभ्या, सगळं शेवटपर्यंत सांगितलं. सरांनी पाठीवर थाप दिली नाही, त्यांना हात उचलवत नाही. पण मला ती लागली!

*

आता सानिका. खारघरला राहते, वय एकोणीस. हाताने दांडी ढकलून खुर्ची मस्त चालवते, पण बोटं अक्षरांवर नेमकी पडत नाहीत, म्हणून डोक्याजवळचं बटण मानेने दाबून बोलते. एकेक अक्षर जुळवायचं म्हणजे नव्या वाक्याला तिला चार मिनिटं लागतात. म्हणून नेहमीची वाक्यं तिने आधीच तयार करून ठेवली आहेत. तयार वाक्याला मान एकदाच हलवली की काम झालं.

तिची इच्छा एकच. दोन गल्ल्या सोडून बागेजवळ भेळवाला बसतो, त्याच्याकडे एकटीने जायचं. का? तर आई सोबत असली की तीच आधी सांगते, "भैया, एकदम कमी तिखट!"

तिच्या आईची, म्हणजे काकूंची, भीतीही खोटी नव्हती. "रस्त्यात मशीन पडलं तर ही हाक कशी मारणार? तुम्ही पक्कं बसवून दाखवा, मग बघू."

मी मशीन अगदी समोर, मोठं दिसेल असं बसवलं. सानिका निघाली आणि थेट चपलांच्या स्टँडवर धडकली. माझ्या मशीनमागे तिला स्वतःचे पायसुद्धा दिसत नव्हते! चार मिनिटांनी मशीन बोललं : "स्टँडची माफी कोण मागणार? मी की दादा?"

मी मागितली. मग मशीन खाली आणि बाजूला घेतलं.

*

खुर्ची लिफ्टमध्ये नेली तर मशीनचा हात दाराला घासला. पुन्हा आत घ्यावा लागला. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. "हे असं जड काही लिफ्टमध्ये न्यायला कमिटीची परवानगी घेतली का? आणि मी म्हणतो, मुलीला एकटं पाठवायचंच कशाला?"

सानिकाची मान हलली. मशीन गोड आवाजात म्हणालं, "तुमचं मत छान आहे काका. मी विचार करीन."

सेक्रेटरी खुलले, आणखी पाच मिनिटं बोलले. पुन्हा मान हलली. "तुमचं मत छान आहे काका. मी विचार करीन."

तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर ते जिन्याने गेले.

*

मग रस्त्यावरची परीक्षा. तीन स्पीडब्रेकर, काकू सोबत, सानिका फुल स्पीडमध्ये. पहिला पास, दुसरा पास. तिसऱ्यावर मशीनच्या हाताची सांगाड्यावरची पकड बोटभर खाली सरकली. काकूंच्या ते लक्षात आलं नव्हतं. सानिकाच्या आलं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की बोलायची गरजच नव्हती : दादा, गप्प बसा!

माझ्या आयुष्यात गप्प बसण्यासारखं सोपं काही नाही. पण मी म्हटलं, "काकू, सरकलंय."

"म्हणजे अजून नाही," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी सानिका माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी घरी येऊन जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी भोसलेकाका स्वतः आले. पकडीत रबर घातलं, पकड सुटलीच तरी मशीन लटकून राहील असा पट्टा लावला. मग म्हणाले, "वैनी, नेलपॉलिश हाय का?"

काकूंनी बाटल्यांचा अख्खा डबाच आणला! काकांनी बोल्टवरून खालच्या पकडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. "रोज सकाळी बघा. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटंल. रेघ शाबूत तर मशीन शाबूत."

रंग सानिकाने निवडला. लालभडक.

काकूंनी रेघ बोटाने चाचपली. म्हणाल्या, "पंधरा दिवस ही तुटली नाही, तर जा एकटी."

निघताना सानिकाने मला थांबवलं. मी चार मिनिटं थांबलो. "दादा, सायकलचा छोटा आरसा लावाल? मागचं दिसायला." मला वाटलं, खुर्ची मागे घ्यायला सोपं जाईल. लावला, आणि त्याच्या बोल्टवरही लाल रेघ ओढली.

*

पंधरा दिवस काकू रोज सकाळी मला फोटो पाठवायच्या. देवाच्या फोटोंच्या मधे एक बोल्ट! सोळाव्या दिवशी फोन आला. "रेघ आहे तशीच आहे. आज संध्याकाळी जातेय ती. तूही ये."

मी गेलो. सानिका गेटबाहेर पडली, मागे वळूनही बघितलं नाही. ती वळणावर पोचल्यावर काकूंनी माझं मनगट धरलं. "आपण जरा लांबून जाऊ. तिला कळणार नाही."

आम्ही पार्क केलेल्या गाड्यांच्या आडोशाने निघालो. काकू वाकून, मी त्यांच्या मागे वाकून. पहिला स्पीडब्रेकर गेला. दुसरा गेला. तिसरा आला तेव्हा काकूंनी डोळे मिटले, मी मिटले नाहीत. मशीन हललं नाही.

तिसऱ्याच्या पुढे भेळवाल्याची गाडी. सानिका तिथे पोचली आणि थांबली. तिची मान एकदाच हलली. फुल आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मशीन बोललं :

"आई, दादा, तुम्ही दोघं आरशात दिसताय. घरी जा. आई, दादांना चहा दे. दादा, शर्ट सांभाळा. भैया, एक भेळ, एकदम तिखट!"