पिवळा पालक

आज मंडईत बापू दिसला. आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन. हातात बायकोनं लिहिलेली यादी घेऊन तो पिवळा पडलेला पालक पिशवीत भरत होता. शेजारच्याच टोपलीत पावट्याच्या हिरव्यागार, टपोऱ्या शेंगा होत्या.

"बापू, हा पाला म्हैस तरी खाईल का?"

"यादीत पालक आहे. पावटा नाही."

माझं डोकं फिरलं. पेठांच्या स्पर्धेत संघांनी आळीपाळीनं खेळाडू उचलायचे असतात. यंदा पहिली चिठ्ठी आमची निघाली. समोर सागर उभा होता, त्याच्यासारखा डावा पाय गावात दुसऱ्या कुणाचा नाही. मी कानीकपाळी ओरडलो, "सागर घे." बापू म्हणाला, "आपल्याकडं गोलकीपर नाही." त्यानं गोलकीपर घेतला. सागर दुसऱ्या संघात गेला आणि रविवारी त्यानं त्याच गोलकीपरला तीनदा मातीत लोळवलं.

मी हातगाडीवरून दुकानापर्यंत आलो ते यादी न करता. चांगला माल दिसला की उचलायचा, गिऱ्हाईक मागून येतंच. गरजेनं बाजारात गेलेल्या माणसाला पिवळा पालकसुद्धा हिरवा दिसतो.

घासाघीस करून शेंगा घेतल्या आणि घरी आलो. बायकोनं पिशवी उलटी केली.

"आणि कांदे? सकाळपासून तीनदा सांगितलं होतं."

परत मंडईत गेलो. मोड आलेले कांदे तेवढे उरले होते. भाव न करता घेतले. कोपऱ्यावर बापू चहा पीत होता. त्यानं माझ्या पिशवीत डोकावून बघितलं.

"काय रे, गोलकीपर मिळाला का?"