दिवड चावली तेव्हा

मत्स्यबीज केंद्रात सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचा नवरा तिथे पंप चालवायचा आणि ती माशांची पिल्लं निवडायची. पिल्लू वळवळायच्या आत दुसऱ्या टबात पडलेलं असे, इतका तिचा उजवा हात चलाख होता.

तळ्यात एक दिवड होती. पाणसापच तो, अंगावर चौकटी, पोहताना पाण्यावर नुसतं डोकं. सकाळी बांधावर ऊन खायची, मग काठच्या गवतात दबा धरायची. बेडकाला मागून गिळायला लागली की तो कितीतरी वेळ ओरडत राही. नवऱ्याला ते ऐकवत नसे.

"मारून टाकू का एकदाची?"

"चार पिल्लं ती खाते, टोपल्या भरभरून आपण विकतो. तिच्याच मागे कशाला हात धुऊन लागता?" वहिनी म्हणे.

थंडीत बांध पाझरायला लागला. एका सकाळी वहिनी पाण्यात उतरून उंदरांची बिळं चिखलाने बुजवत होती. एका बिळात दिवड अंड्यांना वेढा घालून बसली होती. हात आत गेला तशी तिने मनगटच धरलं. हिसका देऊन सोडवलं, तर रक्ताची धार लागली.

नवरा धावत आला.

"अहो, दिवड आहे ती. तिला विष नसतं."

"तू गप्प बस!" त्याने जाळ्याची नायलॉनची दोरी तिच्या दंडाला गुंडाळली आणि जीव खाऊन आवळली.

गाडी मिळायला दुपार झाली. वाटेतल्या दवाखान्याला कुलूप. पुढे रस्ता खोदलेला. "सोडा हो, हात बधिर झालाय," ती विनवत राहिली. सोबत आलेली जाऊ म्हणाली, "विष चढतंय म्हणून वाटतं तसं. थोडी कळ काढ." बोटं काळी पडली तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली.

मोठ्या इस्पितळात पोचले तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरीणबाईंनी मनगटावरची बारीक दातांची ओळ पाहिली, मग दोरी पाहिली.

"ही कुणी बांधली?"

"मीच," तो म्हणाला. शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं.

हात कोपराच्या वरून काढावा लागला.

घरी आल्यावर तो तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा. ती भिंतीकडे बघत बसे. एक दिवस तो फावडं घेऊन बांधावर गेला आणि दिवड सापडेपर्यंत बिळं खणत राहिला. तिचे तुकडे केले, अंडी ठेचली. चिखलाने माखून परत आला, तर वहिनी दारात उभी.

"तिने काय केलं होतं हो?"

त्याने फावडं खाली टाकलं आणि तिथेच उकिडवा बसून रडायला लागला. तिने त्याला उठवलं नाही.

वहिनी पुन्हा कामावर जाते. डाव्या हाताने पिल्लांना खाद्य टाकते; निवडीचं काम आता जाऊ करते. नवरा पंपाच्या खोलीतच झोपतो. जेवणाचं ताट ती स्वतः नेऊन देते, दारात ठेवते आणि मागे वळते.