उपरण्यातल्या भाकरी

ताट धुऊन प्यावं तर माझ्या वडिलांनी. जेवण झालं की ते ताटात तांब्यातलं पाणी ओतत, बोटांनी कडेकडेचं सगळं पुसून घेत, ताट दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावत आणि शेवटचा घोट असा काही ओढत की शेजारच्या गोठ्यातली म्हैस मान वळवून बघे. मग ते लख्ख ताट आरशासारखं आमच्यापुढे धरून विचारत, "दिसतोय का कुटं कण?"

रीत आमच्या घराण्याचीच होती. ताटात पडलं तो शिवाचा प्रसाद. तो टाकायचा नाही, परत द्यायचा नाही, ताटावरून उचलायचाही नाही. संपवायचा आणि ताट धुऊन प्यायचं. मला रीतीचा राग नव्हता. राग होता त्यावरच्या भाषणाचा, आणि तो अजून आहे.

बाहत्तरच्या दुष्काळात या भाषणाला नुसता ऊत आला. रेशनला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली जाडीभरडी ज्वारी, यायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की चपलेच्या तळासारखी व्हायची. मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि तोंडानं फटकळ होते. नाक मुरडलं की वडील सुरू होत. "लोकान्ला ह्ये बी मिळंना झालंय. उपकार मानून खावा." आणि हे सांगणारा गृहस्थ रोज सकाळी पिठाच्या डब्याचं कुलूप स्वतः काढून, स्वतः मापून आईला पीठ देई. एक भाकरी जास्त झाली की "कुणासाठी?" म्हणून विचारी. चादरींचं दुकान बरं चाललं होतं आमचं. पण एकाला दिलं की दारात रांग लागते, असं त्यांचं मत.

ते ज्यांचं नाव घेऊन आम्हाला दटावत ते उपाशी लोक लांबचे नव्हते. माझा सख्खा मामा होता त्यांत. सांगोल्याकडचं रान सोडून तो, मामी आणि दोन पोरं गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. वडील मोठ्या मनानं मामीला सोमवारी जेवायला बोलावत. एकट्या मामीला. सोमवारी एक पान वाढायचं पुण्य त्यांना हवं होतं, चार पानांचं नको होतं.

अशाच एका सोमवारी मामीनं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटातल्या दोन अख्ख्या हळूच पदराखाली घेतल्या. वडिलांचं लक्ष स्वतःच्या ताटापेक्षा दुसऱ्याच्या ताटावर जास्त.

"वैनी, पदरात काय हाय?"

मामीचा चेहरा उतरला. "पोरान्ला न्हेती, दाजी."

"ताटातलं ताटातच संपवायचं. आमच्या घरात परसाद उचलत न्हाईत. खावा, खावा. लाजू नका."

लाजू नका! मामीनं भाकरी ताटात ठेवल्या आणि खाल्ल्या. घास उतरत नव्हता, पाण्याबरोबर ढकलत होती. डोळे खाली. पोरांचा वाटा तिच्याच तोंडात कोंबला जात होता आणि माझे वडील मान डोलवत होते. शेवटी तिनं ताट धुऊन प्यायलं, तेव्हा म्हणाले, "हां! ह्याला म्हणत्यात अन्नाची जाण."

आईनं चुलीतलं लाकूड असं काही आत सारलं की ठिणग्या छपराला लागल्या. पुढच्या सोमवारपर्यंत ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या सोमवारी शेजारच्या पेठेतले एक व्यापारी जेवायला होते. ते वडिलांच्या शिस्तीचे भक्त. पाहुणा म्हणून त्या दिवशी पीठ सढळ मापलं गेलं होतं. वाढायला मी होते. मामी कोपऱ्यात बसली होती, हात मांडीवर घट्ट.

वडिलांची भाकरी संपली. आई चुलीपासून म्हणाली, "वाढ की गं त्यांन्ला."

मी वाढली. ती संपायच्या आत दुसरी. मग आणखी एक, आणि आणखी एक. "अगं बास! बास म्हन्लं न्हवं!" ते ओरडेपर्यंत ताटात मिलोची उतरंड झाली होती.

"माघारी घे ह्या."

"परसाद हाय की," आई म्हणाली. आठवड्यातलं तिचं त्यांच्याशी पहिलं वाक्य. "खावा, खावा. लाजू नका."

व्यापारी उत्सुकतेनं बघू लागले. वडिलांनी एक भाकरी मोठ्या निश्चयानं संपवली. दुसरी निम्मी. कपाळावर घाम. घास या गालातून त्या गालात फिरत होता, खाली जात नव्हता. मी तांब्या घेऊन तत्परतेनं उभी. इतकी सेवा मी त्यांची कधी केली नव्हती.

"जात न्हाई आता," ते शेवटी पुटपुटले.

"मग पदरात घ्या," आई म्हणाली. "पर तुमाला पदर न्हाई. उपरणं हाय."

कुणी हसलं नाही. वडिलांनी आईकडे बघितलं, पाहुण्याकडे बघितलं, मग खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर पसरलं. उष्टी अर्धी त्यांनी कशीबशी संपवली. खालच्या, हात न लागलेल्या सगळ्या भाकरी ताटातून उचलून उपरण्यात बांधल्या आणि मामीपुढे सरकवल्या. मामीनं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

आणि मग, पाणी पिऊन होतंय न होतंय तोच, माझे वडील पाहुण्याला म्हणतात, "आमच्यात आसं हाय बघा. अन्न वाया जाऊ देत न्हाई आमी!"

तांब्या डोक्यात घालावासा वाटला. आजही वाटतो.

ताट धुऊन प्यायची रीत मी माझ्या घरी ठेवली आहे. भाकरीचा तुकडा मोडला की मामीचा तो खाली घातलेला चेहरा दिसतो, पुढ्यातल्या भाकरीची किंमत कळते, आणि पाठोपाठ संताप येतो. येऊ दे. बदल एकच केला. कुणासाठी काही न्यायचं असेल तर ते आधी बांधून दारापाशी ठेवतात. पाट त्यानंतर मांडतात.