कुलूपकाकांची वाळूपेटी

वाळूला कुलूप लावणारा माणूस कुणी पाहिलाय? कुलूपकाकांच्या गल्लीने पाहिलाय, आणि हे नावही त्या गल्लीनेच ठेवलेलं.

काकांचा उभा जन्म एका कारखान्याच्या भांडारात गेला. भांडारपाल म्हणजे सामान देणारा माणूस, हा तुमचा-आमचा भाबडा समज. काकांच्या लेखी भांडारपाल म्हणजे सामान न देणारा माणूस. नवा स्क्रू मागायला आलेल्या फिटरला आधी जुना, झिजलेला स्क्रू हजर करावा लागे. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "यांच्या काळात एक वॉशरसुद्धा फुकट बाहेर गेला नाही." मागून एक फिटर पुटपुटला, "आणि एक मशीनसुद्धा वेळेवर चाललं नाही." काकांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि ते अजून भेटेल त्याला सांगतात.

घरीही तोच खाक्या. चांगल्या कपबश्या कपाटात, किल्ली काकांच्या खिशात, आणि पाहुण्यांना चहा कान तुटलेल्या कपातून.

असा हा माणूस सुट्टीत येणाऱ्या नातीसाठी मागच्या अंगणात लाकडी वाळूपेटी करायला निघाला, त्याला तसंच कारण होतं. गेल्या खेपेला परत जाताना नातीने आजीला मिठी मारली, शेजारच्या कुत्र्याला मारली, टॅक्सीवाल्यालाही टाटा केला. आजोबांसमोर आली मात्र, आणि आईच्या मागे लपली. काका वरवर "असू दे, असू दे" म्हणाले, पण ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. या खेपेला पोर आपणहून आपल्याजवळ यायलाच हवी, एवढीच त्यांची इच्छा होती.

पेटी कुणीही खालून वर करेल. काकांनी ती वरून खाली केली. आधी कुलूप आणलं. मग कुलपाला शोभेल असा कडीकोयंडा, कोयंड्याला पेलेल असं झाकण, आणि सगळ्यात शेवटी झाकणाच्या मापाने पेटी.

"अहो, आत दागिने ठेवणार आहात का?" बायकोने विचारलं.

"मांजरी!"

"मांजरी ठेवणार?"

"मांजरी येतात! वाळू उघडी दिसली की घाण करतात."

"आणि कुलूप नसलं तर मांजर झाकण उचलतं, होय?"

यावर काकांनी रंधा जोरात मारला.

झाकण झालं मात्र दृष्ट लागण्यासारखं. जाड फळ्या, खालून आडव्या पट्ट्या, पावसाचं पाणी ओघळायला उतार, आणि पॉलिशचे हातावर हात. त्याच्याखाली पेटी बिचारी केविलवाणी दिसायला लागली. नाकापेक्षा मोती जड! बाजारातल्या बिजागऱ्या पहिल्याच उघडझापीत वाकल्या, तेव्हा काकांनी न्हाणीघराच्या दाराच्या काढून इथे ठोकल्या. तेव्हापासून त्या घरात आंघोळ करणाऱ्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असा नियम झाला.

मग वाळू. ती बायकोच्या पिठाच्या चाळणीने चाळली, बादल्या भरभरून धुतली, चांगल्या चादरींवर वाळवली, आणि पेटीत भरून वरून लाटणं फिरवलं. "चाळणी गेली, चादरी गेल्या, लाटणं गेलं," बायको म्हणाली. "आता मीच तेवढी उरलेय. मलाही घाला आत आणि लावा कुलूप."

लेक आणि नात आल्या. काकांनी चहासुद्धा होऊ दिला नाही, सगळ्यांना थेट मागच्या अंगणात नेलं. किल्ली फिरवली, दोन्ही हातांनी झाकण उचललं, खाली टेकणकाठी लावली. नात पुढे झाली. तिने वाकून पाहिलं आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले. मग ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन चुपचाप उभी राहिली.

"आवडली?"

"हो."

"मग खेळ की!"

तिने मान हलवली. "आईने सांगितलंय, आजोबांच्या कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही. आजोबा रागावतात."

बायकोने पदराशी चाळा सुरू केला. लेक गोरीमोरी झाली. "बाबा, मी आपलं तिला..."

"अगं वेडे, ही तुझीच आहे," काका म्हणाले, पण पोर जागची हलेना. तेव्हा काका गुडघे धरत, कण्हत, चपलांसकट पेटीत उतरले आणि त्या गुळगुळीत वाळूत फतकल मारून बसले. "बघ. रागावलो का?"

नातीने एक बोट वाळूत खुपसलं. आजोबांकडे पाहिलं. मग मूठभर वाळू उचलली आणि सरळ बाहेर, मातीत टाकली. दुसरी मूठ झाकणावर. जन्माची सवय! काकांचा हात ती वाळू परत आत लोटायला निघाला, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. तिसरी मूठ आजोबांच्या डोक्यावर पडली, तेव्हा नात खदखदून हसली आणि आत उडी मारून त्यांना खेटून बसली. काकांना वाटलं, जिंकलो.

त्यांनी हसतच वर पाहिलं. लेक अजून कडेलाच उभी होती. संसाराची बाई, नोकरीत दहाजण हाताखाली. पण पाऊल पुढे पडत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी हात लावला तर चालेल?"

काका नुसते बाजूला सरकले आणि त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.